शब्दकोड्याचे उत्तर कोणाच्या खिशात?

फेब्रुवारीच्या अखेरीस विज्ञान दिन आला की शाळांच्या भित्तिपत्रकांवर विज्ञान शब्दकोडी झळकू लागतात. पट्टीने आखलेल्या चौकटी, काही काळ्या केलेली घरे, खाली 'आडवे शब्द' आणि 'उभे शब्द' अशा दोन याद्या, आणि कोपऱ्यात एक ओळ : उत्तरे पुढील अंकी. कोडे मुलांना आवडते, ते तयार करणाऱ्या शिक्षकाची एक संध्याकाळ त्यात जाते, आणि परिपाठाच्या वेळी चार मुले त्याभोवती जमतात. हे सारे चांगलेच आहे. तरीही आमच्या पाहण्यात येणाऱ्या विज्ञान कोड्यांपैकी बरीचशी कोडी मुळात कोडी नसतात. ती चौकटीत बसवलेली रिकाम्या जागांची प्रश्नपत्रिका असते, आणि तीही पुष्कळदा सदोष. हा तक्रारीचा सूर वाटला तर वाटो. पण दोष नेमका कोठे आहे ते पाहिले तर त्यातून माहितीशास्त्राचा एक सुरेख धडा निघतो.

एक मासला घेऊ. सूचक असे आहे : 'वनस्पती दिवसा बाहेर सोडतात तो वायू', घरे चार. मुलगा लिहितो 'प्राणवायू'. घरे भरली : प्रा, ण, वा, यू. पुढच्या आठवड्यात फलकावर उत्तर लागते, 'ऑक्सिजन'. ऑ, क्सि, ज, न, हीही चारच. आता चुकले कोण? विज्ञानाच्या दृष्टीने कोणीच नाही. मुलाला प्रकाशसंश्लेषण कळले आहे. त्याला कळले नाही ते एवढेच, की कोडे घालणाऱ्याच्या मनात त्या दिवशी कोणता शब्द होता. आणि ते कळण्याचा कोणताही मार्ग कोड्याने ठेवलेला नाही, कारण त्या शब्दाला छेदणारा दुसरा शब्द नव्हता, किंवा असला तरी नेमक्या निर्णायक घरात नव्हता.

हा दोष किरकोळ नाही. यावरून आपल्याकडे एकदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेला होता. स्वातंत्र्याच्या आगेमागे बक्षिसांच्या शब्दकोड्यांचे मोठे वेड होते. प्रवेश फी भरून भरलेली चौकट पाठवायची, आणि संयोजकांकडे मोहोरबंद ठेवलेल्या उत्तराशी ती जुळली की बक्षीस, असा साधारण प्रकार. सूचके अशी रचलेली असत की एका जागी दोन शब्द सारखेच शोभावेत. 'बरोबर' कोणता, ते लिफाफा ठरवणार. मुंबई राज्याने १९४८ मध्ये अशा स्पर्धांवर नियंत्रण आणि कर बसवणारा कायदा केला. आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या कंपनीची कोडी बंगलोरहून निघणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' या पत्रातून मुंबई राज्यात येत. १९५२ च्या दुरुस्तीने तीही या कायद्याच्या कक्षेत आणली गेली आणि खटला उभा राहिला. १९५५ मध्ये केंद्राचाही कायदा झाला : महिन्याला एक हजार रुपयांहून अधिक बक्षिसे नकोत, एका स्पर्धेला दोन हजारांहून अधिक प्रवेशिका नकोत. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही प्रकरणांत निकाल दिला. ज्या स्पर्धेतले यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून नाही ती जुगारच होय, आणि जुगाराला व्यापाराचे घटनादत्त संरक्षण नाही, असा त्याचा गाभा.

शाळेतल्या कोड्यात पैसे नसतात हे खरे. पण 'प्राणवायू' लिहून हरलेल्या मुलाची आणि त्या स्पर्धकाची स्थिती वेगळी आहे काय? दोघांचेही उत्तर दुसऱ्याच्या खिशात आहे. पहिल्याने फार तर एक गुण गमावला. पण त्याबरोबर त्याने हेही शिकून घेतले की विज्ञानात बरोबर काय हे फलकावर लागल्यावरच समजते. प्रयोगशाळेत आयुष्य घालवणाऱ्या आमच्यासारख्यांना ही शिकवण सगळ्यांत महाग वाटते.

आपल्या जुन्या परंपरेला हा भेद चांगला ठाऊक होता. संस्कृत कोड्यांचे दोन प्रकार सांगतात, अंतर्लापिका आणि बहिर्लापिका. बहिर्लापिकेचे उत्तर श्लोकाबाहेर शोधावे लागते. अंतर्लापिकेचे उत्तर श्लोकातच दडलेले असते. ते सापडले की सोडवणाऱ्याला दुसऱ्या कोणाला विचारावे लागत नाही. शब्दकोड्याच्या पोटात एखादे गुप्त उत्तर ठेवणे, म्हणजे काही ठळक घरे ओळीने वाचली की आणखी एक शब्द निघणे, ही त्या अंतर्लापिकेचीच आधुनिक आवृत्ती म्हणता येईल. अशी कोडीही मासिकांतून येतात, पण तेथे गुप्त उत्तर बहुधा शोभेचे असते : 'विज्ञान', 'पर्यावरण' असा एखादा मोघम शब्द. त्याच्याकडून काम करून घेतलेले क्वचितच दिसते.

काम म्हणजे कोणते? नंदुरबार जिल्ह्यासाठी रचलेले एक लहान कोडे पाहू. पाच आडवे शब्द एकाखाली एक. प्रत्येकातले एक घर ठळक, आणि ही ठळक घरे बरोबर एका उभ्या रेषेत.

पहिला शब्द : 'ताटात भाकरी, डाळ, पालेभाजी, दूध सारे असले की आहार असा म्हणायचा', चार घरे, तिसरे ठळक. दुसरा : 'गुजरातेत उकाईजवळ तापी याने अडवली', तीन घरे, दुसरे ठळक. तिसरा : 'परीक्षेत गुण मिळवून देणारे नव्हे, आईवडिलांचे गुण पोचवणारे सूत्र', चार घरे, दुसरे ठळक. चौथा : 'चंद्रावर नेले तरी पदार्थाचे हे बदलत नाही', चार घरे, तिसरे ठळक. पाचवा : 'म्हण म्हणते पाने तीन, वनस्पतिशास्त्र म्हणते पान एक आणि पर्णिका तीन', तीन घरे, मधले ठळक.

वाचकांनी येथे थांबून पेन्सिल घ्यायला हरकत नाही. पुढे आम्ही उत्तरे फोडणार आहोत.

पहिल्या सूचकाला 'समतोल' शोभतो आणि 'संतुलित'ही शोभतो; घरे दोन्हींची चार. ओढूनताणून 'परिपूर्ण'सुद्धा बसवता येईल. म्हणजे प्राणवायू-ऑक्सिजनचाच पेच. दुसऱ्याला 'धरण' की 'बंधारा'? तीन घरे दोघांचीही. तिसरा 'गुणसूत्र'. चौथ्यात घाईने 'वजन' सुचते, पण अक्षरे कमी पडतात. ती एक घर उरल्याची अडचण मुलाला विचार करायला लावते, की चंद्रावर वजन तर घटते. मग काय घटत नाही? आकारमानही घटत नाही, पण त्याला पाच घरे लागतात. उरते 'वस्तुमान'. पाचवा अर्थातच 'पळस'.

आता ठळक घरे वाचा. 'संतुलित' आणि 'बंधारा' धरले तर लि, धा, ण, मा, ळ. याला अर्थ नाही. 'समतोल' आणि 'धरण' धरले तर तो, र, ण, मा, ळ. सातपुड्यातले, यशवंत तलावाच्या काठचे, अक्राणी तालुक्यातले तोरणमाळ. सोडवणारा शिक्षकाकडे न जाता उठून सांगू शकतो की माझे बरोबर आहे. संदिग्धता सूचकात राहिली, पण तिचा निवाडा करणारा कोड्याच्या आतच बसला आहे. लिफाफ्याची गरज संपली.

यात आणखी एक गोष्ट घडते, आणि नंदुरबारच्या संदर्भात ती आम्हाला अधिक मोलाची वाटते. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याकडच्या पुष्कळ मुलांची घरची भाषा भिली किंवा पावरी, नवापूरकडे मावची, सपाटीवर अहिराणी आणि गुजरी. प्रमाण मराठी हीच शाळेत आल्यावर शिकायची भाषा, आणि तिच्यावर संस्कृत परिभाषेचा थर. अशा मुलापुढे 'हिरव्या पानांत चालणारी क्रिया, सात घरे' असे सूचक ठेवले तर आपण तपासतो ते त्याचे विज्ञान नव्हे. रानात वाढलेल्या मुलाला पानांविषयी शिक्षकापेक्षा अधिक ठाऊक असू शकते. त्याला ठाऊक नाही ते 'प्रकाशसंश्लेषण' या सात अक्षरांचे लेखन. विज्ञानाच्या नावाखाली घेतलेली ही शुद्धलेखनाची परीक्षा झाली.

तोरणमाळच्या कोड्यात हे मूल काय करील? समजा, त्याला पहिला आणि चौथा शब्द आला. उभ्या रेषेत तो, रिकामे, रिकामे, मा, रिकामे. पुणे-मुंबईचे मूल येथे अडेल. धडगावचे मूल अडणार नाही. ते तोरणमाळ आधी लिहील आणि मग उलट्या दिशेने येईल : तिसऱ्या शब्दात दुसरे अक्षर ण आहे, तर हे गुणांचे सूत्र कोणते? ज्ञात स्थळनामाच्या आधाराने अज्ञात परिभाषा उलगडते. गुप्त उत्तराचा प्रवाह दोन्ही बाजूंनी वाहतो, शब्दांकडून उत्तराकडे आणि उत्तराकडून शब्दांकडे. म्हणून ते उत्तर मुलाच्या परिसरातले हवे. 'पर्यावरण' हा शब्द ठेवला तर ही दुसरी वाट बंद झाली.

या उभ्या रेषेला माहितीशास्त्रात फार जवळचा नातेवाईक आहे, आणि त्याची एक गाठ याच जिल्ह्यात पडलेली आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक शहादा तालुक्यातल्या टेंभली गावी दिले गेले. बारा अंकी आधार क्रमांकातला शेवटचा अंक माणसाविषयी काहीच सांगत नाही. तो आधीच्या अकरा अंकांवरून गणिताने काढलेला असतो. डच गणिती याकोबुस व्हरहूफ यांनी १९६९ मध्ये मांडलेली ही रीत आहे. अकरांपैकी एखादा अंक चुकला, किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट पडले, तर शेवटचा अंक जुळत नाही आणि यंत्राला चूक झाल्याचे तत्काळ कळते. नवी माहिती न देता आधीच्या माहितीवर पहारा करणारा हा अंक. कोड्यातले छेद नेमके हेच करतात. क्लॉड शॅनन यांनी माहितीशास्त्राचा पाया घालणाऱ्या १९४८ च्या निबंधात याचा उल्लेखच केला आहे. भाषेत अजिबात पुनरुक्ती नसती, कोणतीही अक्षरे कशीही मांडली तरी शब्द झाला असता, तर वाटेल ती चौकट शब्दकोडे ठरली असती आणि ते सोडवणे अशक्य झाले असते. उलट पुनरुक्ती फारच असती, तर मोठी कोडी रचताच आली नसती. शॅनन यांच्या हिशेबाने पुनरुक्ती निम्म्याच्या आसपास असली की मोठी कोडी जेमतेम रचता येतात.

मराठीचे काय? येथे आपल्या कोडेकारांनी इंग्रजीचे अनुकरण करताना एक गोष्ट नजरेआड केली आहे. इंग्रजी कोड्याच्या घरात एक वर्ण बसतो आणि वर्ण आहेत सव्वीस. मराठी कोड्याच्या घरात एक पूर्ण अक्षर बसते, स्वरचिन्हासकट. चौतीस व्यंजने, बाराखडी, आणि सुटे स्वर एवढेच धरले तरी सुमारे ४२० अक्षरे होतात, जोडाक्षरे वेगळीच. उदाहरणादाखल तीन अक्षरांचे आठ हजार मराठी शब्द आहेत असे धरू. एक अक्षर निश्चित झाले की सरासरीने उरतात १९. दोन निश्चित झाली की एकही उरण्याची खात्री नाही. इंग्रजीत पाच वर्णांचे आठ हजार शब्द धरले, तर एक वर्ण कळल्यावर तीनशेंवर उरतात आणि दोन कळल्यावर बारा. अक्षरे सारख्या प्रमाणात येत नाहीत, त्यामुळे हे आकडे ढोबळ आहेत, पण दिशा स्पष्ट आहे. मराठीत एक छेद पुष्कळ काही सांगतो. म्हणून सोडवणाऱ्याला एकच छेद पुरतो, आणि म्हणूनच रचणाऱ्याला दाट चौकट जमत नाही. इंग्रजी धर्तीची घट्ट विणलेली चौकट मराठीत आणण्याच्या हट्टापायी कोडेकाराला मग कोणालाच ठाऊक नसलेले दोन अक्षरी शब्द कोशातून उकरून काढावे लागतात. त्यापेक्षा प्रत्येक शब्दाला एक छेद, आणि ते सारे छेद मिळून एक उत्तर, ही रचना आपल्या लिपीच्या स्वभावाला मानवते असे आमचे मत आहे.

लिपीचे आणखी लहानसहान हट्ट असतात. तोरणमाळमधला ण आणि ळ घ्या. मराठीत या दोन्हींनी शब्द सुरू होत नाही. त्यामुळे शब्दांच्या आद्याक्षरांत तोरणमाळ लपवताच येणार नाही. ठळक रेषा शब्दांच्या पोटातूनच न्यावी लागते. कोडे रचायला बसलेल्या मुलाला हे आपोआप सापडते, व्याकरणाच्या तासाला सांगावे लागत नाही.

सूचकांच्या भाषेकडेही पाहू. इंग्रजीतली गूढ सूचके एडवर्ड पॉइस मॅदर्स यांनी 'टॉर्कमाडा' या टोपणनावाने १९२६ पासून 'ऑब्झर्व्हर'मध्ये अवघडाच्या टोकाला नेली. पुढे १९४९ मध्ये 'अ‍ॅफ्रिट' या नावाने लिहिणाऱ्या ए. एफ. रिची यांनी एक पथ्य सांगितले : कोडेकाराने मनातला अर्थ वरकरणी दाखवू नये, पण त्याने लिहिलेल्या शब्दांतून तोच अर्थ काटेकोरपणे निघाला पाहिजे. फसवावे, खोटे बोलू नये. मराठीला असली सूचके परकी नाहीत. 'काका जळगावला निघाले, तेव्हा त्यांच्यात दडलेला कार्बन कोणता?' दोन शब्दांच्या सांध्यावर पाहा : का[का जळ]गाव. काजळ. आणि काजळ म्हणजे अपुऱ्या ज्वलनातून उरलेला कार्बन, ही माहिती त्यात फुकटची. 'तवा उलटा केला, दिव्यात तेल चढू लागले.' त-वा उलटे वाचले की वात; आणि तेल वर का चढते, यावर केशाकर्षणाचा एक तास घेता येईल. 'मामा तीनदा आले, पायाखालचे सापडले.' हे आम्ही सोडवून देत नाही. या सूचकांत परिभाषा जवळजवळ नाही. त्यांना लागते ते शब्दाकडे दोन अंगांनी पाहणे, आणि ते पावरी बोलणाऱ्या मुलालाही त्याच्या भाषेत हुमाणे घालताना येतेच.

कोडे शिक्षकानेच रचावे हा समजही सोडायला हवा. १९४४ च्या मे महिन्यात लंडनच्या 'डेली टेलिग्राफ'च्या कोड्यांतून युटा, ओमाहा, ओव्हरलॉर्ड, मलबेरी असे शब्द एकामागून एक निघाले. नॉर्मंडीच्या चढाईचे हे सांकेतिक शब्द होते. कोडेकार लेनर्ड डॉ हे एका शाळेचे मुख्याध्यापक; गुप्तहेर खात्याने त्यांची उलटतपासणी केली. त्यांच्याकडून काहीच निघाले नाही. पुढे १९८४ मध्ये त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने सांगितले, की डॉ रिकाम्या चौकटी मुलांकडून भरून घेत आणि मग स्वतः सूचके लिहीत. शाळेजवळ तळ ठोकलेल्या सैनिकांच्या तोंडून ऐकलेले शब्द या मुलाने चौकटीत घातले होते. चौकट मुलांनी भरायची आणि सूचके मोठ्याने लिहायची, ही वाटणी आमच्या मते उलटी केली तर अधिक बरी. गुप्त उत्तर शिक्षकाने द्यावे, शब्द आणि सूचके मुलांनी शोधावीत. 'वस्तुमान'साठी सूचक लिहिताना मुलाला ते वजनापासून आणि आकारमानापासून वेगळे करावेच लागते. व्याख्या पाठ म्हणून ते साधत नाही.

या रीतीच्या मर्यादाही आहेत. ठळक घर एकाच अक्षरावर पहारा करते. शेजारच्या मध्य प्रदेशातल्या हिंदी पुस्तकातला 'द्रव्यमान' कोणी लिहिला तर घरे चारच, तिसरे अक्षर माच, आणि तोरणमाळ जसेच्या तसे. येथे विज्ञान बिघडत नाही म्हणून सोडून देता येईल. पण सगळीकडे तसे नसते. समजा, गुप्त उत्तर ठेवले 'प्रकाशा', तापी आणि गोमाईच्या संगमावरचे गाव. तीन शब्द लागतील : प्र, का आणि शा असलेले. शा साठी 'दिशा' घेतला आणि मुलाने 'दशा' लिहिले, तर उभी रेषा काहीच बोलत नाही. ठळक घर पहिले करून 'शाखा' घेतला तर 'शाळा', 'शाई' यांच्याशी गाठ. 'निशाचर' घेतला तर मधला शा पक्का होतो आणि घुबड-वटवाघळावर सूचकही चांगले सुचते. शिवाय या गावाच्या नावात आणखी एक खोच आहे. घाईने वाचणारा 'प्रकाश'वर थांबेल. घरे तीनच, फरक एका कान्याचा. कोड्यात ऱ्हस्व-दीर्घाची आणि कान्यामात्रेची सूट देणारे कोडेकार असतात, त्यांचे कोडे येथे दोन उत्तरांवर अडेल. सूट न देणाऱ्याचे अडणार नाही. प्र आणि का यांचे शब्द आम्ही मुद्दाम रिकामे ठेवत आहोत. आठवीच्या वर्गाला एक तास पुरावा.